लॉइड्सचा बाजार व तेथील नोकरमाणसें



विमा म्हटला कीं आपल्याकडे डोळ्यांपुढें उभी राहते ती विमा-एजंटाची मूर्ति. ओळखीचा कांहीं धागा धरून आलेला, हातांत चामडी पिशवी असलेला, आणि चहाचा पेला संपण्यापूर्वीं घरांतील मुलांचीं नांवें व वयें विचारून घेणारा हा गृहस्थ एखाद्या कंपनीचा माणूस असतो. आजच्या भाषणाचा विषय तो नव्हे. विम्याच्या व्यवहारांत दुसराहि एक मध्यस्थ असतो, त्याला ब्रोकर म्हणतात. मराठींत दलाल म्हणावें तर त्या शब्दाला थोडा वास येतो, परंतु अर्थ तोच. एजंट कंपनीचा, तर ब्रोकर गिऱ्हाइकाचा. जहाजाचा मालक, गिरणीचा मालक, विमानांची कंपनी यांची जोखीम घेऊन तो बाजारांत जातो, चार ठिकाणीं भाव विचारतो, आणि गिऱ्हाइकाला परवडेल अशा बेतानें ती जोखीम पत्करणारे लोक गांठून देतो. मौज अशी कीं, माणूस गिऱ्हाइकाचा असला तरी त्याची दलाली बहुधा जोखीम पत्करणाराकडे जाणाऱ्या हप्त्यांतूनच निघते. चाकरी एकाची आणि भाकरी दुसऱ्याच्या ताटांतली, असा हा धंदा आहे. आणि तो शतकानुशतकें चालला तो मुख्यतः तोंडच्या शब्दावर.

अशा पेढींत नोकरीस राहिलेल्या माणसांचे दिवस कसे जातात, त्यांना कोणत्या चालीरीति पाळाव्या लागतात, आणि त्या चालीरीति कोणाला मानवतात व कोणाला जाचतात, हें पाहावयाचें असेल तर या धंद्याचें जुनें घर जें लंडन, तेथेंच गेलें पाहिजे. त्या शहरांत लॉइड्स नांवाची संस्था आहे. लॉइड्स म्हणजे एक विमा-कंपनी अशी पुष्कळांची समजूत असते, ती खरी नव्हे. लॉइड्स हा बाजार आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइड या गृहस्थाचें टॉवर स्ट्रीटमध्यें कॉफीचें दुकान होतें. त्याचा पहिला लेखी उल्लेख १६८८ सालचा आहे. १६९१ सालीं तें लोंबार्ड स्ट्रीटवर आलें. जहाजांचे मालक, कप्तान व व्यापारी तेथें जमत, कोणतें गलबत कोठें पोंचलें याच्या बातम्या देत-घेत. आणि ज्यांच्या गांठीं पैसा होता ते दुसऱ्याच्या गलबताची जोखीम लिहिलेल्या कागदाखालीं आपली सही करीत. कागदाखालीं सही करणारा तो अंडररायटर. शब्दाचा मूळ अर्थ एवढाच. लॉइड १७१३ सालीं वारला. पुढें त्या दुकानांत मोठ्या लोकांच्या मरणावरसुद्धां पैजा लावण्यापर्यंत मजल गेली, तेव्हां सभ्य मंडळी फुटून निघाली, आणि १७७१ सालीं ७९ जणांनीं शंभर-शंभर पौंड वर्गणी काढून स्वतःच्या जागेची तजवीज केली. १८७१ सालीं पार्लमेंटानें या संस्थेला कायद्याचें रूप दिलें. आज ती लाइम स्ट्रीटवर आहे. इमारत १९८६ सालची, पोलादाची व कांचेची, नळ आणि जिने बाहेरच्या अंगास काढलेली. आंतडीं बाहेर आलेल्या प्राण्यासारखी ती कांहींना दिसते, कांहींना ती सुंदर वाटते.

इमारत नवी असली तरी कॉफीच्या दुकानाच्या खुणा पुसलेल्या नाहींत. गणवेशांतील शिपायांना तेथें अद्यापि वेटर म्हणतात. ज्या विस्तीर्ण दालनांत व्यवहार चालतो त्याचें नांव नुसतें 'रूम', म्हणजे खोली. मग त्या खोलीचे मजले कितीहि असोत. अंडररायटर ज्या मेजा-बाकांवर बसतात त्यांना 'बॉक्स' म्हणतात, आणि तीं जुन्या कॉफीगृहांतील बाकांच्या वळणावर गेलेलीं आहेत. मध्यभागीं ल्यूटिन जहाजाची घंटा टांगली आहे. हें जहाज १७९९ सालीं सोन्यासकट हॉलंडच्या किनाऱ्याजवळ बुडालें, त्याची भरपाई लॉइड्सच्या लोकांनीं केली, आणि घंटा १८५८ सालीं पाण्यांतून वर निघाली. वेळेवर न आलेल्या जहाजाची वाईट बातमी कळली कीं एक ठोका आणि चांगली कळली कीं दोन, अशी रीत पुष्कळ वर्षें होती. आतां ती समारंभापुरती वाजते.

ब्रोकरच्या पेढींत लागलेला नवा उमेदवार या खोलींत येई तेव्हां त्याच्या बगलेंत एक चामडी पाकीट व त्यांत 'स्लिपा' असत. स्लिप म्हणजे लांबट घडीचा जाड कागद. जहाजाचें नांव, माल, प्रवास, रक्कम, हप्ता व अटी तीवर अगदीं थोडक्यांत मांडलेल्या असावयाच्या. आतां हा कागद वाटेल त्याच्यापुढें धरून चालत नाहीं. प्रत्येक प्रकारच्या जोखमींत ज्याच्या मताला वजन आहे असा एखाददुसरा अंडररायटर असतो. त्याला अग्रणी म्हणावें. आधीं त्याच्याकडे जावयाचें. त्यानें शंभरांत दहा-पंधरा टक्क्यांचा भार घेऊन आद्याक्षरें घातलीं कीं मग बाकीचे त्याच्या नांवाकडे पाहून आपापला वांटा लिहितात. अग्रणीनें मान हलविली तर दिवस फुकट. कधीं उत्साहाच्या भरांत वांटे शंभरांच्या वर जातात, तेव्हां ते प्रमाणानें खालीं आणतात. हा हिशेब शाळेंतल्या मुलालाहि करतां येईल. परंतु कोणाकडे आधीं जावें, हा हिशेब कोणत्याहि शाळेंत शिकवीत नाहींत.

अग्रणीच्या मेजाशेजारीं ब्रोकरांची रांग लागलेली असते. उमेदवार तींत उभा राहतो. पुढच्याचें काम चाललेलें असतां तो कान उघडे ठेवतो. वृद्ध अंडररायटर कोणता प्रश्न आधीं विचारतो, कोणत्या उत्तरानें त्याची भुवई चढते, जेवणापूर्वीं गेलेलें बरें कीं जेवणानंतर, हें सर्व त्यानें उभ्याउभ्या शिकावयाचें. प्रश्नाचें उत्तर ठाऊक नसेल तर ठाऊक नाहीं असें म्हणून परत पेढीवर जावें, विचारून यावें, आणि पुन्हां रांगेच्या शेवटीं उभें राहावें. पण बनवून सांगूं नये. एकदां बनवून सांगितलेलें उघडकीस आलें कीं त्या बाकावर त्या माणसाचें काम संपलें, आणि शेजारच्या बाकांना तें कळण्यास दुपार पुरते. या शिस्तींत खरोखर मोठेपणा आहे. विद्यापीठाचा उंबरठा न चढलेलीं, शाळेची अखेरची परीक्षा देऊन आलेलीं कितीतरी मुलें या रांगेंत उभीं राहून प्रौढ झालीं व नांवारूपास आलीं. १९०६ सालीं सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपानें व आगीनें उध्वस्त झालें, तेव्हां कथबर्ट हीथ या अंडररायटरनें अटींचा कीस न काढतां सर्व विमेदारांचे पैसे पुरते चुकते करावे अशी तार आपल्या तेथील माणसाला केली. अशा घरांत कारकुनी करणारा मुलगा मान ताठ ठेवून घरीं जात असेल तर त्यांत नवल नाहीं.

विम्याचा कायदाहि याच सचोटीवर उभा आहे. सुमात्रा बेटांत बेंकूलेन येथें ईस्ट इंडिया कंपनीचा मार्लबरो नांवाचा किल्ला होता. तेथील गव्हर्नराच्या वतीनें १७६० सालीं लंडनांत विमा उतरविण्यांत आला, तो किल्ला परक्या शत्रूच्या हातीं जाण्याच्या जोखमीबद्दल. आणि त्याच सालीं फ्रेंचांनीं किल्ला घेतला. किल्ला दुबळा आहे व फ्रेंच येण्याचा संभव आहे हें गव्हर्नरास माहीत असून त्यानें लपविलें, असें म्हणून अंडररायटर पैसे देईना. कार्टर विरुद्ध बोएम या नांवानें प्रसिद्ध असलेल्या या खटल्याचा निकाल लॉर्ड मॅन्सफील्डनें १७६६ सालीं दिला, आणि तो गव्हर्नराच्या बाजूनें दिला. कारण जें लंडनांत बसून अंडररायटरला समजण्याजोगें होतें तें सांगितलें नाहीं म्हणजे लपविलें असें होत नाहीं. परंतु निकाल देतांना त्यानें तत्त्व असें घालून दिलें कीं, जोखमीची आंतली माहिती बहुधा एकाच पक्षाजवळ असते, म्हणून त्या पक्षानें ती मोकळेपणानें पुढें ठेवली पाहिजे. १९०६ च्या सागरी विम्याच्या कायद्यांत हें तत्त्व आलें, आणि ब्रोकरसाठीं वेगळें कलम आलें: त्याला स्वतःला जें महत्त्वाचें ठाऊक असेल तें त्यानेंहि सांगावें. २०१५ च्या कायद्यानें या कलमांची मांडणी बदलली, तरी खरी माहिती नीट पुढें ठेवण्याचें बंधन राहिलेंच आहे.

आतां विचार करण्यासारखी गोष्ट ही. गिऱ्हाइकानें कांहींहि लपवूं नये, ब्रोकरनें कांहींहि लपवूं नये, असा ज्या घराचा कायदा, त्याच घरांत नोकरीस लागलेल्या उमेदवाराला वडीलधाऱ्यांकडून न बोलतां मिळणारा धडा नेमका उलटा होता. जहाजाच्या तळाला भोंक असेल तर सांग. पेढीच्या तळाला असेल तर पोटांत ठेव. हा धडा वाईट माणसांनींच घालून दिला असें म्हणतां येत नाहीं. तो त्या धंद्याच्या घडणींतून आला. ज्या व्यवहारांत सर्व कांहीं ओळखीवर चालतें तेथें ओळख मोडण्याची भीति ही सर्वांत मोठी भीति असते. अंडररायटरला राग आला तर तो उद्यां स्लिपेवर सही करणार नाहीं. त्यानें सही केली नाहीं तर गिऱ्हाईक जाईल. गिऱ्हाईक गेलें तर पेढीचा मालक विचारील, कोणामुळें? मग बोलणारा गुन्हेगार ठरतो, आणि करणारा नामानिराळा राहतो.

कॉफीच्या दुकानांत जन्मलेला हा बाजार पुढें कॉफीवर थांबला नाहीं. लाइम स्ट्रीटला लागूनच लेडनहॉल मार्केट आहे. वर छप्पर असलेली ती जुनी मंडई, आणि तींत मद्यगृहें आहेत. दुपारचें जेवण तेथें लांबत जाई, आणि सकाळीं बाकावर अडलेलें काम तेथें पेल्याशेजारीं सुटे. याची सवय झालेल्या माणसाला त्यांत गैर कांहीं दिसत नसे. परंतु ज्याला मद्य वर्ज्य आहे, ज्याच्या घरीं आजारी आई आहे, जिला पांच वाजतां मूल आणावयास जावें लागतें, त्यांना बाजारांतली अर्धी बातमी दुसऱ्या दिवशीं कळे. कोणी त्यांना हांकलून दिलेलें नसे. बोलावणें तर सर्वांनाच असे. काम कचेरींत होतें असें समजून कचेरींत बसलेला माणूस मागें पडे एवढेंच. पोषाखाचेंहि तसेंच. शहराच्या त्या भागांत तपकिरी जोडे घालून येणें ही फार काळ असभ्यता गणली गेली. हा नियम लिहिलेला कोठेंहि नव्हता, म्हणूनच ज्याचे वडील व चुलते त्याच धंद्यांत आहेत त्यालाच तो आधीं ठाऊक असे.

स्त्रियांची कथा याहून कठीण. १९७० सालापर्यंत लॉइड्सच्या सभासदांत एकहि स्त्री नव्हती. ब्रोकर म्हणून त्या खोलींत काम करण्यास पहिली स्त्री आली ती १९७३ सालीं. तिचें नांव लिलियाना आर्चिबाल्ड. म्हणजे एडवर्ड लॉइडच्या दुकानापासून मोजलें तर जवळजवळ तीन शतकें ही खोली पुरुषांचीच होती. त्या काळांत पेढ्यांत स्त्रिया नव्हत्या असें नाहीं. त्या टंकलेखन करीत, पत्रें लिहीत, हिशेब ठेवीत. फक्त जेथें सही होते तेथें त्या नव्हत्या. २०१४ सालीं इंगा बील या बाई संस्थेच्या मुख्य अधिकारी झाल्या, आणि त्यावेळीं वर्तमानपत्रांनीं ३२६ वर्षांतली पहिली स्त्री म्हणून गौरव केला. गौरव योग्यच होता. पण गादीवर एक बाई बसली म्हणजे जिन्यांत दुसऱ्या बाईला कोणी अडवीत नाहीं, असें मात्र होत नाहीं.

फेब्रुवारी २०१७ मध्यें संस्थेनें आपल्या सुमारें ८०० नोकरांना सकाळीं नऊ ते सायंकाळीं पांच मद्यपान करण्यास बंदी केली. त्यामागील एका वर्षांत शिस्तभंगाच्या व तक्रारींच्या ज्या बाबी आल्या त्यांपैकीं निम्म्यांच्या मुळाशीं मद्य होतें, असें कारण देण्यांत आलें. नोकरांपैकीं कांहीं रुसले. पूर्वीं येथें काम करण्यांत मजा होती, आतां ती गेली, असा एकाचा सूर होता. आतां रात्रीं लौकर निजण्याचाहि हुकूम निघेल काय, असें दुसऱ्यानें विचारलें. थट्टा बाजूस ठेवली तरी या बंदींत एक मोठी फट होती. ती संस्थेच्या पगारी नोकरांपुरती होती. बाजारांत रोज येणारे ब्रोकर व अंडररायटर हे संस्थेचे नोकरच नव्हते. ते आपापल्या पेढ्यांचे. त्यांना बंदी लागू नव्हती.

हीच फट पुढच्या सर्व प्रकरणाची किल्ली आहे. एका ब्रोकर-पेढींतील तरुण मुलगी स्लिप घेऊन अंडररायटरकडे जाते. तो तिच्या कपड्यांवर शेरा मारतो, किंवा हात नको तेथें ठेवतो. तिनें कोणाकडे जावें? तिच्या पेढीचा मालक म्हणेल, तो गृहस्थ आपला नोकर नव्हे, आपण त्याला काय करणार, आणि आपला निम्मा धंदा त्याच्या सहीवर आहे. त्या गृहस्थाचा मालक म्हणेल, ती मुलगी आपली नव्हे, तिनें आपल्या पेढीकडे जावें. संस्था म्हणेल, आपण केवळ बाजाराची जागा चालवितों. तिघेहि आपापल्या परीनें खरें बोलतात, आणि तिघांच्या मधल्या जागेंत ती मुलगी उभी राहते. पेढी बदलली तरी बाक तेंच, त्यावरचा माणूस तोच. ज्या बाजारांत सर्वजण एकाच छपराखालीं येतात तेथें नोकरी सोडणें म्हणजे सुटका नव्हे. धंदाच सोडावा लागतो.

मार्च २०१९ मध्यें ब्लूमबर्गच्या साप्ताहिकानें १८ स्त्रियांशीं बोलून एक लेख प्रसिद्ध केला. अनुचित शेऱ्यांपासून नकोशा स्पर्शापर्यंत, आणि कांहीं प्रसंगीं त्याहूनहि भयंकर अत्याचारापर्यंत, सर्व प्रकार त्यांत आले होते. लेख येतांच संस्था हलली. मद्याच्या किंवा मादक द्रव्याच्या अमलाखालीं असलेल्या कोणासहि इमारतींत घेऊं नये, मग तो कोणत्याहि पेढीचा असो. गंभीर वर्तन सिद्ध झाल्यास जन्माची बंदी घालतां यावी. तक्रारीसाठीं स्वतंत्र दूरध्वनि असावा, असे नियम झाले. म्हणजे २०१७ सालीं राहिलेली फट दोन वर्षांनीं, आणि ती वर्तमानपत्री गवगव्यामुळें, बुजविण्यास आरंभ झाला. हें काम आधीं होऊं शकलें नसतें काय? दरवाजा तोच होता आणि दरवान तोच होता.

त्याच वर्षीं सबंध बाजाराची एक पाहणी करण्यांत आली. ती ब्रिटनमधील बँकांच्या आचरणाचें मोजमाप करणाऱ्या एका त्रयस्थ मंडळाकडे सोंपविली होती. ६,००० हून अधिक लोकांनीं उत्तरें दिलीं, आणि सप्टेंबरांत निष्कर्ष बाहेर आले. मागील बारा महिन्यांत लैंगिक छळाचा प्रकार स्वतः पाहिला असें सांगणारे शंभरांत ८ निघाले. शंभरांत आठ हा आंकडा ऐकण्यास लहान आहे. सहा हजारांत तो ४८० होतो. अनुचित वर्तनाकडे कानाडोळा होतांना पाहिला असें म्हणणारे शंभरांत २२. अतिरेकी मद्यपान पाहिलें असें म्हणणारे २४. आणि तक्रार करण्यास आपणांस संकोच वाटणार नाहीं असें म्हणणारे शंभरांत अवघे ४५.

या चार आंकड्यांपैकीं वर्तमानपत्रांनीं पहिला उचलला. खरा विचार करण्याजोगा शेवटचा आहे. वाईट माणूस कोणत्याहि कचेरींत सांपडेल. शंभरांत ५५ जणांना तोंड उघडणें अवघड वाटतें अशी कचेरी मात्र घडवावी लागते. आणि ही पाहणी कोणाची? तर दुसऱ्याला रोज विचारणारांची: तुमच्या जहाजांत काय दोष आहे, तुमच्या गिरणींत आग विझविण्याची सोय काय आहे, मागच्या पांच वर्षांत नुकसान किती झालें? ज्यांचा सर्व जन्म दुसऱ्याच्या जोखमीची चौकशी करण्यांत गेला त्यांना आपल्याच बाकाशेजारीं उभ्या असलेल्या माणसाच्या जोखमीची चौकशी सुचली नव्हती. वडील मंडळींना ती सुचत नाहीं, कारण त्यांच्या उमेदवारीच्या दिवसांत त्यांनींहि सोसलेलें असतें, आणि सोसलेलें तें शिक्षण असें मानण्याकडे वयाचा कल असतो. शाळांतहि छडी अशाच रीतीनें पिढ्यानुपिढ्या टिकली.

मार्च २०२२ मध्यें आणखी एक प्रकरण उघड झालें. तें ब्रोकरचें नव्हतें, बाकाच्या दुसऱ्या बाजूच्या म्हणजे अंडररायटरांच्या एका पेढीचें होतें. तेथें एका कनिष्ठ नोकराचा वरच्या माणसाकडून कित्येक वर्षें पद्धतशीर छळ चालला होता. वरिष्ठांना तो ठाऊक होता. परंतु पेढीचें नांव बाहेर वाईट होईल या भीतीनेंहि त्यावर कांहीं करण्यांत आलें नाहीं. शिवाय २०१८ सालापर्यंत पुरुष नोकरांची एक वार्षिक रात्र भरत असे. त्या रात्रीं बेसुमार मद्यपान, नवख्यांकडून करवून घेतलेले खेळ, आणि बरोबरीच्या स्त्री-नोकरांविषयीं किळसवाणें बोलणें चाले. पुढाकार घेणारांत अधिकारीहि असत. संस्थेनें त्या पेढीला १० लाख ५० हजार पौंड दंड केला. पैशांच्या अफरातफरीबद्दल नव्हे, तर माणसांशीं केलेल्या वर्तनाबद्दल झालेला हा लॉइड्समधील पहिला दंड, आणि तोंवर तेथें झालेल्या दंडांत सर्वांत मोठा. दंड भरला गेला. ज्याचीं वर्षें गेलीं त्याला त्यांतून काय मिळालें, हें निराळें.

दंडाच्या कारणांपैकीं एक कारण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे: पेढीनें ही गोष्ट संस्थेस वेळेवर कळविली नाहीं. जी चूक गव्हर्नरानें केली असा मार्लबरो किल्ल्याच्या खटल्यांत अंडररायटरचा आरोप होता, तीच आतां अंडररायटरच्या पदरीं आली. महत्त्वाची गोष्ट माहीत असून सांगितली नाहीं.

मधल्या काळांत खोलीचें रूपहि पालटलें. स्लिप आतां बहुतेक यंत्रावरून फिरते. त्यासाठीं २०१६ सालीं बाजारानें सामाईक व्यवस्था सुरू केली होती, पण जुन्या ब्रोकरांना ती रुचत नव्हती. मार्च २०२० मध्यें साथीमुळें खोलीला कुलूप लागलें, आणि जें वादविवादानें झालें नव्हतें तें कांहीं आठवड्यांत झालें: सर्व धंदा घरून चालला. कित्येकांना, विशेषतः लांब राहणारांना व लहान मुलें असणारांना, प्रथमच असें वाटलें कीं आपण रांगेंत सर्वांच्या बरोबरीनें आहों. उलट नव्या उमेदवारांचें नुकसानहि झालें, हें विसरतां कामा नये. वृद्ध अंडररायटरची भुवई केव्हां चढते हें पडद्यावर दिसत नाहीं, आणि शेजारीं उभें राहून चोरून ऐकण्याची विद्या घरांतल्या खुर्चींत बसून साधत नाहीं. खोली पुन्हां उघडली तेव्हां लोक परत आले ते याच ओढीनें. त्यांत पहिल्या पगाराच्या आशेनें आलेलीं मुलें-मुली आहेत; त्यांना खोली हवी आहे, पण जुनी खोली जशीच्या तशी नको आहे.

या बाजाराची एक शाखा आतां आपल्या मुंबईंतहि आहे. पुनर्विम्याच्या व्यवहारासाठीं ती २०१७ सालीं उघडली. आपल्याकडे ब्रोकर-पेढ्यांना रीतसर परवाने मिळूं लागले ते २००२ सालच्या नियमांनंतर, आणि आज मुंबई-पुण्यांतील पुष्कळ मराठी मुलें-मुली अशा पेढ्यांत काम करतात. त्यांच्या दृष्टीनें येथील कायदा लंडनच्या जुन्या फटीविषयीं काय म्हणतो तें पाहण्यासारखें आहे. सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं विशाखा खटल्यांत दिलेल्या निर्देशांवरून पुढें २०१३ सालीं कामाच्या ठिकाणीं होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसें कामास असलेल्या प्रत्येक कचेरींत अंतर्गत समिति पाहिजे. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री पाहिजे. निदान निम्मे सभासद स्त्रिया आणि एक सभासद बाहेरचा पाहिजे. कामाचें ठिकाण म्हणजे केवळ कचेरीच्या चार भिंती नव्हेत. कामानिमित्त जेथें जावें लागतें तें ठिकाण, आणि मालकानें दिलेलें वाहन, हींहि त्यांत येतात. छळ करणारा दुसऱ्या पेढीचा असला तरी मालकाला हात झटकतां येत नाहींत; त्या स्त्रीची इच्छा असल्यास फौजदारी कारवाईसाठीं तिला साह्य करण्याचें कर्तव्य त्याच्यावर आहे.

तक्रार लेखी द्यावी लागते. लिहून देणें शक्य नसेल तर समितीनें लिहिण्यास साह्य करावें असें कायद्यांतच म्हटलें आहे. मुदत घडल्या गोष्टीपासून तीन महिन्यांची, आणि उशिराचें कारण पटल्यास समिति ती आणखी तीन महिने वाढवूं शकते. पेढींत लागणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला पहिल्या दिवशीं जे कागद मिळतात त्यांत हा एक कागद असावयास पाहिजे, आणि समितीवरील माणसांचीं नांवें कचेरींत ठळक जागीं लावलेलीं असावयास पाहिजेत. तीं लावलीं आहेत कीं नाहींत, हें कोणालाहि भिंतीकडे पाहून समजेल.